वरचा थर

सहा वर्षं एका पापुद्र्यापायी! आई रोज फोनवर हेच ऐकवायची. पापुद्रा म्हणजे तिच्या लेकीची पॉलिमरची फिल्म. सिलिकॉनच्या चकतीवर पसरलेली, केसापेक्षा हजारपट पातळ. हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये असल्याच फिल्ममधून प्रोटॉन पलीकडे जातात. त्या फिल्मच्या पोटात पाण्याचे थर कसे बसतात ते क्ष-किरणांनी शोधायचं, हा लेकीचा उद्योग. आईला कळायचं ते एवढंच, की प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची आहे.

सही शुक्रवारी व्हायची होती. सर भलतेच खुशीत होते, कारण फिल्मच्या अगदी वर एक जादा थर सापडला होता. आजवर कुणालाच न दिसलेला! प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्या थरावरच उभं होतं.

आणि बुधवारी लेकीला शंका आली. नोंदी चाळताना तिला दिसलं, की थर काही चकत्यांवर आहे आणि काहींवर नावालाही नाही. सर रजेवर होते त्या आठवड्यात तर एकदाही नाही. आता सरांची सवय अख्ख्या प्रयोगशाळेला पाठ होती. हातमोजे घालणार, चिमट्याने चकती उचलणार, "बोट लावाल तर याद राखा!" म्हणून सगळ्यांना दम भरणार, आणि मग धूळ उडवायला चकतीवर मनापासून फुंकर मारणार. तीही साखरेचा चहा पिऊन!

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "थर सरांचा आहे."

सांगावं तर सरांचा पारा चढणार, सही लांबणार. न सांगावं तर चहाच्या थुंकीवर जन्मभर डॉक्टर म्हणून मिरवायचं. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी ती दोन ताज्या चकत्या घेऊन सरांपुढे उभी राहिली. पहिली सरांनी उचलली, फुंकली. तासाभरात यंत्राने थर दाखवला. दुसरी उचलल्यावर तिने चकती आणि सरांचं तोंड यांच्या मध्ये चकतीच्या डबीचं झाकण धरलं. "हिच्यावर नको, सर." थर गायब.

सर आलेखाकडे बघत बसले. कान लालबुंद.

"म्हणजे तो माझा?"

"हो, सर."

"जाडी?"

"आठ नॅनोमीटर."

"एवढी!" सर खुर्चीत मागे रेलले. मग हळूच म्हणाले, "पाचवं प्रकरण काढून टाक. चार पुरेत. आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलोच आहे," म्हणत त्यांनी शाईचं पेन उघडलं आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर झोकात सही ठोकली. शाई ओली होती. सवयीने ते पानावर वाकले, गाल फुगवले आणि तसेच थबकले. फुगल्या गालांनी तिच्याकडे बघत राहिले.

"फुंका, सर," ती म्हणाली. "कागदच आहे."