वायरीतून गजी

माझा नवा फोन म्हशीपेक्षा महाग आहे. कॅमेरा असा, की जत्रेत आमच्या मंडळानं केलेल्या धनगरी गजीनाचाच्या व्हिडिओत बिराप्पामामांच्या मिशीचा केस न केस दिसतो. हा व्हिडिओ स्पर्धेसाठी न्यायला मामांची मुलगी प्रांजल लॅपटॉप घेऊन सांगलीहून आली होती. मी देवळाच्या कट्ट्यावर फोन वायरीनं लॅपटॉपला जोडला आणि बघत बसलो.

बसलोच. कंपनीनं कॅमेरा यंदाचा दिलाय आणि वायरीचा वेग मी चड्डीवर शाळेत जायचो तेव्हाचा. खोक्यावर मात्र छापलंय, 'अतिवेगवान'. नेमकं काय, ते छापायचं राहिलंय.

"अमृत, अजून न्हाई व्हय?" मामांनी विचारलं. "पोरीची यस्टी जाईल की रं."

"मामा, फाईल लय मोठी हाय."

"आरं, नाच त्योच हाय न्हवं? मग आमी परत नाचतो. पोरी, तू ल्यापटॉपवरच घे."

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी ढोलवाल्यांना हाक मारली. मंडळातली माणसं चहा टाकून उठली, पटके बांधले, देवळापुढं रिंगण धरलं आणि सबंध गजी पहिल्यापासून नाचली. प्रांजलनं लॅपटॉपच्या अंधुक कॅमेऱ्यात सगळा नाच घेतला. वायर तशीच लटकत होती.

नाच संपला. मामा घाम पुसत लॅपटॉपपाशी आले. फाईल किती आली ते दाखवणारी हिरवी पट्टी अजून निम्म्यावरही आली नव्हती. फोनकडे बघत ते म्हणाले, "आमचं झालं रं. त्येला म्हणावं, दमला असशील तर बस जरा."