उपडी बादली

बाब खमीसच्या वेशीपाशी, भिंतीला पाठ लावून रोजंदारीची माणसं बसतात. त्या जागेला मौकफ म्हणतात. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि पुढ्यात आपापलं सामान. गवंड्यांपुढे घमेलं, धुण्यापुसण्याच्या बायकांपुढे बादली. बादलीचं तोंड वर असेल तर बाई मोकळी आहे, जरा कुठे गेली असली तरी येईलच. उपडी असेल तर तिला काम मिळालं, आज विचारू नका. घमेल्याचंही तेच. हे कुणी कुणाला शिकवत नाही, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

तूडा त्या मंगळवारी फार लवकर येऊन नळाशेजारच्या आपल्या जागेवर बसली होती. लाल्ला झहूर यायची होती. रमजानच्या आधी तूडाने तिच्या घराला चुना लावला होता, गालिचे धुतले होते, आणि ते काम म्हातारीच्या मनात भरलं होतं. तिची जुनी कामवाली कायमची डोंगरात, आपल्या गावी चालली होती. लाल्ला म्हणाली होती, माझ्या मुलीला विचारते आणि मंगळवारी सकाळी मी स्वतः तुला न्यायला येते, जागेवर राहा. कायमचं काम, आणि वर गच्चीवरची खोली. तूडा आणि तिची लेक तीन वर्षं नणंदेच्या घरात पडून होत्या, आणि नणंद भाकरीचा तुकडा वाढताना देखील उसासा टाकायची. खोली म्हणजे काय, हे ज्याला असलं ऐकून घ्यावं लागलंय त्यालाच कळेल.

लाल्लाच्या आधी आला तो मुकद्दम अल्लाल. वस्तीतला सरकारचा माणूस, दाखले देणारा, कुणाच्या घरी कोण आलं-गेलं याची वर खबर देणारा. मागे दोन ट्रक. राजधानीतून मंत्रिसाहेब येणार होते, खेळाच्या मैदानावर भाषण होतं आणि मैदान रिकामं दिसून चालणार नव्हतं. शिवाय साहेबांची गाडी याच वेशीतून जाणार, तेव्हा इथे भिंतीशी माणसं बसलेली दिसूनही चालणार नव्हतं. एका दगडात दोन पक्षी. असली हुशारी या लोकांना कुठून सुचते कोण जाणे, गावच्या गटारासाठी मात्र कधी सुचत नाही.

तूडाने हात जोडायचेच बाकी ठेवले होते. लाल्ला येणार आहे, आजचा दिवस सोडा, म्हणाली.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," अल्लाल म्हणाला. "आणि पोरीच्या शाळेसाठी राहण्याचा दाखला माझ्याकडेच मागायला येशील ना?"

तिने बादली नळाखाली धरून भरली आणि जागेवर नीट ठेवली, तोंड वर. पाणी असलं म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. लाल्ला बघेल, समजेल आणि थांबेल. सामानाला कुणी हात लावणार नाही असं अल्लालने दोनदा सांगितलं. ती ट्रकमध्ये चढली.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. प्रत्येकाला एक कागदी झेंडा आणि पावात घातलेली एक सुकी मासळी मिळाली. साहेब यायला उशीर झाला. तूडाचं लक्ष झेंड्यात नव्हतं की पावात नव्हतं. आता लाल्ला निघाली असेल, आता वेशीपाशी आली असेल, बादली पाहिली असेल, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. तिच्या शेजारी बा हद्दू बसला होता, मौकफवरचा सगळ्यात जुना गवंडी. त्याने तिचाही पाव खाऊन टाकला, तो वाया जाईल म्हणून.

साहेब आले. चांगले गोरेगोमटे, आवाज खणखणीत. काम, कष्ट, देश असं बरंच बोलून झालं आणि मग ते मुद्द्यावर आले.

"लोक म्हणतात, या भागात काम नाही. मी आत्ता तुमच्या वेशीतून आलो. एक माणूस रिकामा बसलेला दिसला नाही. भिंतीशी बादल्या आणि घमेली ओळीने उपडी घातलेली. मी विचारलं, हे काय? तुमच्या मुकद्दमांनी सांगितलं, साहेब, भांडं उपडं म्हणजे माणूस कामावर गेला. बंधुभगिनींनो, संधी नाही असं कोण म्हणतं? संधी दाराशी उभी आहे, उठून घेणारा हवा."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, मग मागच्यांनी. तूडाचे हातही वाजत होते. टाळ्या थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळी भांडी उपडी, म्हणजे तिची बादलीही उपडी.

बा हद्दू मान न वळवता म्हणाला, "बादल्या उपड्या करून काम मिळत असतं तर आम्ही कधीच केल्या असत्या की, पोरी."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. तूडा उठली आणि फाटकाकडे गेली. साहेबांच्या गाड्या निघाल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. ती तिथेच उन्हात उभी राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. पायाला मुंग्या येतात तसं सगळं अंग झालं होतं.

परत जायला ट्रक नव्हते, सगळे चालत आले. भिंत झाडून स्वच्छ केली होती. भांडी इतकी सरळ ओळीत होती की स्वतः त्या माणसांनी कधी लावली नसती. नळाशेजारी तिची बादली पालथी पडली होती, आणि ओतलेल्या पाण्याचा डागही वाळून गेला होता. तिने बादली सरळ केली नाही. तशीच उचलून लाल्लाच्या दारी गेली. न बोलावता कुणाच्या दारी जायचं नसतं, पण गेली.

दार लाल्लानेच उघडलं. तिचा चेहरा खरोखर आनंदला.

"अगं, मी आले होते. तुझी बादली पाहिली आणि म्हटलं, बरं झालं, पोरीला चांगलं घर मिळालं दिसतंय. जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग शेजारणीची भाची ठेवून घेतली."

"लाल्ला, मी नव्हती उपडी केली."

"मग कुणी केली?"

"साहेब येणार होते म्हणून."

लाल्लाला ते कळलं की नाही, देव जाणे. आत चौकात कुणीतरी फरशीवर पाणी मारत होतं, आणि भाचीला दिलेला शब्द काही आता मागे घेता येणार नव्हता. म्हातारी वाईट नव्हती. हाच तर सगळ्याचा वैताग आहे, कुणावर डाफरायचीही सोय नाही.

"पण तुला आता काय कमी?" ती समजूत घालत म्हणाली. "रेडिओवर सांगत होते, बाब खमीसचे सगळे कामावर गेलेत."

तूडा म्हणाली, हो. लाल्लाने तिची बादली सरळ करून तीत थोडे खजूर घातले, लेकीसाठी, आणि दार लावून घेतलं.

नणंदेच्या घरी लेक उंबऱ्यावर बसली होती. सकाळीच तिने दोघींचे कपडे चादरीत बांधून गाठोडं मांडीवर घेतलं होतं, आणि ते अजून मांडीवरच होतं. गच्चीवरून डोंगर दिसतो का, हे तिने आठवडाभर विचारलं होतं. आता ते विचारलं नाही. आईच्या हातातली बादली बघून विचारलं, "काम मिळालं?"

"सगळ्यांना मिळालं," तूडा म्हणाली आणि गाठोडं सोडायला बसली.