तेलाचा शेवटचा हात

शिवणयंत्रात तेल घातलं की पहिली शिलाई चिंधीवर मारायची. नव्या कपड्यावर कधीच नाही.

उताराच्या तळाशी, वळणावर, शाळेची भिंत आहे. भिंतीवर मुलांनी सूर्य रंगवलाय. सूर्याला डोळे आहेत आणि मिशाही आहेत.

हेल्मेट घातलं की माणूस निम्मा बहिरा होतो. तिचा नवरा मुळातच निम्मा होता.

नणंद फोनवर म्हणाली होती, "वहिनी, बायकांनी गाडीवर बसावं गं. गाडी खोलून कशाला बसायचं?"

पोलादावर गंज एका रात्रीत चढतो. आधी नुसती नारिंगी झाक असते. हात फिरवला की जाते.

•

आणि धुता धुता तिचे हात थांबले.

नळ वाहत होता. कठड्यावर तिने आत्ताच टाकलेली चिंधी होती. फॅक्टरीतली, मऊ पडलेली, मशीनच्या तेलात कायम भिजलेली. चिंधीच्या मधोमध एक नारिंगी पट्टा उमटला होता. सरळ नव्हता. कमानीसारखा वाकलेला होता.

गाडीच्या टाकीला गंज नव्हता. हँडलला नव्हता, सायलेन्सरलाही नव्हता. गंज चढला होता तो एकाच गोष्टीवर, आणि ती गोष्ट गोल होती.

अंगण रिकामं होतं. नवरा निघून गेला होता.

•

कपड्यांच्या फॅक्टरीत ती मशिनं दुरुस्त करते. हॉलभर बायका शिवत असतात आणि ही तेलाची कुपी घेऊन त्यांच्यामधून फिरत असते, म्हणून सगळ्या तिला तेलबाई म्हणतात. सुपरवायझरही तेच म्हणतो. तिचं खरं नाव त्याला हजेरी घेताना आठवावं लागतं. दुरुस्ती संपली, पेच आवळले, झाकण बसलं, की तेलबाई त्या मशीनवरून तेलकट चिंधीचा एक शेवटचा हात फिरवते. त्याशिवाय काम उरकल्यासारखं वाटतच नाही. बायकाही अडून बसतात, "तेलबाई, हात फिरवल्याशिवाय जायचं नाही हं." खरं तर ती तो फिरवते असंही म्हणता येणार नाही. तो फिरतो. डोकं तोवर पुढच्या मशीनपाशी पोचलेलं असतं.

घरच्या मोटारसायकलवरही तो हात इतकी वर्षं फिरत आला होता. कधी काही बिघडलं नाही. जुना पुढचा ब्रेक ड्रमचा. धरणारं, घासणारं जे काही असतं ते सगळं आत, झाकणाखाली. बाहेरून तेल पुसा नाहीतर तूप चोपडा, त्याला पत्ता लागत नाही. नवा ब्रेक डिस्कचा. चाकाच्या बाजूला पोलादी चकती, उघडी, आरशासारखी. दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. त्या चकतीला तेल लागलं की ती चिमटीतून सुटते. ओल्या साबणाच्या वडीसारखी.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पॅड बसवताना तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले होते आणि नवऱ्यालाही शिवू दिलं नव्हतं. काल संध्याकाळी गल्लीतून स्वतः गाडी चालवून बघितली, तेव्हा ब्रेक असा काही लागला की तिच्याच तोंडून "अगं बाई" निघालं. मग खुशीत तिने गाडी धुतली. सकाळी चकतीवर ती नारिंगी झाक दिसली.

आणि हात फिरला.

•

हा ब्रेक हवा होता तिलाच.

नवरा तपासणीच्या लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त गोळा करतो. माणसं उपाशीपोटी त्याची वाट बघत बसलेली असतात आणि उपाशी माणूस लवकर चिडतो, म्हणून तो कायम घाईत. मागे बर्फाचा डबा बांधलेला. गेल्या वर्षी याच उतारावर ड्रमच्या ब्रेकने ऐनवेळी दगा दिला. पाय टेकून थांबायला गेला नि घोटा मोडून बसला. प्लास्टर निघेपर्यंत खाटेवरून त्याचे विनोद चालू होते. "आयुष्यभर लोकांचं रक्त काढलं आणि माझं थेंबभरही निघालं नाही. नुसतंच हाड मोडलं. ही फसवणूक आहे."

ती हसली नव्हती. रोज सकाळी तो निघाला की त्याचा उतार उतरून होईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे. शेवटी तिने भंगारवाल्याकडे खेटे घालून तशाच, पण डिस्क असलेल्या गाडीचं पुढचं चाक, शॉकअप, पॅड धरणारा कॅलिपर, एकेक करून जमवलं. पॅड आणि ब्रेकच्या तेलाची नळी कोरी आणली. सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडी खोलली.

नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा पेच किंचित सोडायचा, बुडबुडे बाहेर आले की आवळायचा.

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"लग्नातही हेच सांगितलं होतं मला."

"अहो, हवा जाईल आत! गप्प धरा."

"आहे तो ब्रेक काय वाईट होता म्हणतो मी. आणि गॅरेजवाला काय उपाशी मरतोय?"

"गॅरेजवाल्याच्या बायकोचा नवरा चालवणार आहे का ही गाडी?"

"त्या बाईचा नवरा तो गॅरेजवालाच की!" म्हणून तो जो खिदळला, त्यात त्याच्या हातून ब्रेक सुटला. हवा आत गेली. पुन्हा पहिल्यापासून.

सगळं झाल्यावर, हात पुसत, ती त्याला म्हणाली होती, "एक लक्षात ठेवा. नवे पॅड सुरुवातीला जरा कमी धरतात. चकतीवर बसायला वेळ लागतो त्यांना. घाबरू नका, जोर देत राहा."

"इंजिनीअरबाईंचा हुकूम," तो म्हणाला होता.

•

घाबरू नका, जोर देत राहा.

नळापाशी तिला ते वाक्य आठवलं. दुसरं कुणी असतं तर ब्रेक लागत नाही म्हटल्यावर थांबलं असतं, उतरून बघितलं असतं. हा थांबणार नव्हता. त्याला वाटणार होतं, बायकोने सांगितलं तसंच होतंय.

तिने फोन लावला. वाजला. वाजत राहिला. हेल्मेटच्या आत काय ऐकू जाणार.

मग आठवलं, पहिलं घर मास्तरांचं. गल्लीच्या टोकाला. तिथवर रस्ता सपाट, ब्रेकचं काम नाही. टोचायला, नळी भरायला, नाव लिहायला वेळ लागतो. ओल्या हातांनी, घरातल्या सपाता घालून ती पळत सुटली.

मास्तर दारात उभे होते, हात कोपरात मुडपून, मध्ये कापूस धरून.

"मास्तर, हे आहेत आत?"

"आत्ताच गेले. घाई फार बाई त्यांना. कापूसदेखील मलाच धरायला लावला."

"कुठे गेले? खाली?"

"खालीच. शाळेपलीकडे कोण म्हणे चहाशिवाय ताटकळलंय. का हो? काही विसरले का?"

ती वळलीसुद्धा होती.

रस्ता टेकडीला वळसे घेत उतरतो. पायऱ्या सरळ उतरतात, घरांच्या मधून, लोकांच्या मोरीला आणि दोऱ्यांवरच्या कपड्यांना चुकवत. एक सपात वरच्याच पायऱ्यांवर निसटली. तिने दुसरीही सोडून दिली. भांडी घासणारी एक बाई ओरडली, "अगं, आग लागली का कुठे?" तिने नुसता हात हलवला. बोलायला श्वास नव्हता, आणि तिला ऐकायचं होतं.

ऐकू येत होतं. घरांच्या पलीकडून, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, त्यांच्या गाडीचा आवाज. तो आवाज तिला शंभर गाड्यांतून कळला असता. गियर कमी केला नव्हता. गडी मजेत उतरत होता. वरचं वळण तसं सोपं, मोठं. तिथे नुसता वेग सोडला तरी भागतं. खरं वळण खालचं.

ती रस्त्यावर आधी पोचली. वळणाच्या जरा वर. समोर भिंत, भिंतीवर तो मिशाळ सूर्य, शेजारी फाटक आणि फाटकाशी झाडू मारणारा शाळेचा शिपाई. मुलं अजून आली नव्हती.

ठरवलं होतं की रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात पसरून. ती मधोमध गेलीही. आणि तिथे, आवाज जवळ येताना, तिच्या लक्षात आलं की हीच सगळ्यात मोठी चूक ठरेल. आडवी बायको दिसल्यावर तो काय करेल? कुणीही जे करेल ते. उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळेल. जीव खाऊन आवळेल. आणि काहीही होणार नाही.

ती बाजूला झाली. गाडी वरच्या वळणातून बाहेर आली.

"मागचा!" ती ओरडली. "अहो, मागचा ब्रेक! पाय!"

तो येत होता. त्याची बोटं ब्रेकवर होती, तिला दिसली. पुढचा ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली दबतं. नाक दबलं नाही.

तिने उजवा पाय उचलला आणि रस्त्यावर आपटला. पुन्हा आपटला. अनवाणी, डांबरावर, सगळा जोर लावून, एका हाताने त्या पायाकडे बोट दाखवत. शिपायाने झाडू टाकला. "ओ बाई, काय झालं? काही चावलं का?" ती आपटतच राहिली.

हेल्मेटची काच तिच्याकडे वळली. क्षणभर ते डोकं नुसतं तिरकं झालं, कोडं पडल्यासारखं. मग त्याचा उजवा पाय हलला.

मागचं चाक किंचाळलं. शेपूट बाजूला सरकलं, गाडी आडवी झाली, त्याला घेऊन खडीवरून घासत गेली आणि भिंतीपासून हातभर अलीकडे थांबली. बर्फाचा डबा सुटून फाटकावर आपटला.

•

तो उठून बसला. काच वर केली.

"रस्त्यावर नाचतेस काय?"

"लागलं का तुम्हाला? कुठे लागलं? घोटा हलवा. हलवा ना!"

"हलतोय. कोपर खरचटलंय." तो धापा टाकत होता. "नवे पॅड गं. तू म्हणालीस तसंच, वरपासून धरतच नव्हते. म्हटलं, बसतील. जोर देत होतो."

तिच्या पायाचा तळवा सोलला होता, आत्ता आग व्हायला लागली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"पॅड नाही," ती म्हणाली. "मी. सकाळी चकतीवरून तेलाची चिंधी फिरवली मी."

शिपाई गाडी उभी करत होता. "डिस्कवर तेल? कुठल्या गाढवाच्या गॅरेजात दिली होती ही?"

"घरीच," ती म्हणाली. "मीच केलं."

शिपायाने तिच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं.

ती विनोदाची वाट बघत होती. हा माणूस प्लास्टरमधून विनोद करायचा, सासऱ्यांच्या आजारपणात करायचा, आताही करणारच. काहीतरी वाकडं बोलेल, मग ती रडेल, मग तो म्हणेल बस झालं. तो उठला. लंगडत डब्यापाशी गेला. झाकण उघडलं होतं आणि बर्फाचे तुकडे रस्ताभर पसरले होते. त्यात मास्तरांची नळी फुटली होती, बर्फ तेवढ्यापुरता लाल झाला होता. त्याने काचा रुमालात गोळा केल्या.

"घरी नेऊ," ती म्हणाली. "पॅड टाकून देते. चकती स्पिरिटने धुते, तेलाचा वासही राहणार नाही. संध्याकाळपर्यंत—"

"खाली गॅरेज जवळ आहे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

ती गाडीच्या मागे गेली.

"हो," म्हणाली. "त्यांनाच करू देत."

तो हँडल धरून पुढे, ती मागून सीटला हात लावून. उतार संपत आला होता, तरी दोघंही गाडी मागे ओढून धरत चालली होती. शिपायाने तिला आपल्या चपला देऊ केल्या. तिने नको म्हटलं.

गॅरेजवाला नुकतंच शटर वर करत होता. त्याने चाकाशेजारी बसून चकतीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग कॅलिपर बघितला, नळीचा जोड बघितला, पेच बघितले. बराच वेळ बघत होता.

"पॅड तर कोरे आहेत," तो म्हणाला.

"बदला," ती म्हणाली. "तेल प्यायलेत."

"बाकी काम चोख आहे हो. कुणी बसवलं हे?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा रस्त्याकडे बघत होता. गॅरेजवाल्याने पाना उचलला.

•

त्या सकाळी मास्तरांना सुई टोचण्याआधी नवऱ्याने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं होतं, गाडीपुढे उभं केलं होतं, आणि नव्या ब्रेकवर बोट ठेवून सांगितलं होतं की हा आमच्या घरी बसवलाय, माझ्या बायकोने.