चार नंबरच्या क्रेनवरचा हात

झोपलेलं बाळ गादीवर ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. खांद्यावरून खाली कुणीही आणेल. खरी गंमत शेवटच्या वीतभरात असते. तिथे हातांनी क्षणभर थांबायचं आणि मग बाळाला कळू न देता त्याला सोडायचं. ठमीच्या घरात हे फक्त तिच्या बाबाला जमायचं. आईने ठेवलं की ठमी टक्क जागी, आणि आजीने ठेवलं की घर डोक्यावर.

बाबा गोदीत चार नंबरची क्रेन चालवायचा. जहाजावरचा कंटेनर धक्क्यावर टेकवायच्या आधी तो असाच वीतभर वर थांबे आणि मग अलगद सोडे. बाकीच्यांचे कंटेनर धाडकन आदळायचे. ठमीची आई त्याच धक्क्यावर कंटेनरचे नंबर आणि सील तपासायची. एकच माणूस असा बिनआवाजाचा कसा, हे बघायला तिने पहिल्यांदा मान वर केली आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

मग कंपनीने क्रेनवरच्या केबिनच काढून टाकल्या. त्यांच्या जागी कॅमेरे आले आणि क्रेन चालवायची खोली गेली समुद्रापलीकडच्या देशात. तिथल्या सरकारने म्हणे जागा फुकट दिली आणि वीज निम्म्या दरात. खोलीपाठोपाठ ठमीचा बाबाही गेला. तेव्हा ठमी आठ महिन्यांची होती. वर्षाकाठी पंधरा दिवस सुट्टी, तीही धड पूर्ण मिळायची नाही.

माणूस तिकडे, क्रेन इकडे. कुठल्या पाळीला कोण बसलंय हे कंपनी सांगत नसे. पण चार नंबरच्या क्रेनने जमिनीपासून वीतभरावर श्वास धरला, की ठमीच्या आईला कळायचं, आला कामावर! मग दिवस बरा जायचा.

"वहिनी, क्रेनकडे बघून काय हसताय? नंबर चुकेल," मुकादम ओरडायचे.

"चुकला तर तुम्ही आहात की ओरडायला," ती म्हणायची आणि पुन्हा वर बघायची.

अशी तीन वर्षं गेली. यंदा दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि इकडे कायदा झाला : पहिल्या तारखेपासून गोदीतलं कुठलंही यंत्र सीमेपलीकडे बसून चालवायचं नाही.

"सरकारने एकदा तरी माझं ऐकलं!" सासूबाई बातम्यांपुढून उठल्याच नाहीत. "आता येतोय की नाही बघ."

"आई, अजून त्याचा निरोप नाही आला."

"निरोप कशाला हवा? क्रेन इथून चालवायची तर माणूस नको इथे?"

म्हणणं बिनतोड होतं. फोनवर तो मात्र "बघू, अजून काही ठरलं नाही," एवढंच म्हणायचा. तरी तिने कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला. ठमीला सांगायचं नाही असं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी सांगून टाकलं.

पहिल्या तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला चार नंबर हलली. कंटेनर खाली आला, वीतभरावर थांबला आणि आवाज न करता टेकला.

न सांगता आलाय, लबाड! हातातली यादी मुकादमांच्या हातात कोंबून ती ऑफिसच्या इमारतीकडे पळत सुटली. नवी कंट्रोल रूम पाचव्या मजल्यावर होती. लिफ्टची वाट बघायला धीर कुणाला होता? हेल्मेट काखेत घेऊन, घामेजलेले केस हातानेच सारखे करत तिने दार ढकललं.

आत भिंतभर पडदे होते, आणि एकच खुर्ची. खुर्चीत एक तरुण मुलगी डब्यातले पोहे चमच्याने खात बसली होती.

"चार नंबर कोण चालवतंय?"

"कुणीच नाही, ताई. आपली आपण चालते."

"असं कसं? कंटेनर थांबला ना आत्ता, टेकवायच्या आधी!"

"हो, ते शिकलीय ती. तिकडच्या एका ड्रायव्हरचा हात फार चांगला होता म्हणे. वर्षभर त्याची प्रत्येक हालचाल नोंदवून घेतली आणि सगळ्या क्रेनना तोच हात दिला." मुलीने चमचा खाली ठेवला. "पलीकडून माणसाने चालवायचं नाही, असा कायदा आहे. माणूस हवाच, असं कुठे म्हटलंय? ताई, बसता का? पाणी देऊ?"

पाचव्या मजल्यावरून सहाच्या सहा क्रेन दिसत होत्या. सहाही जणी वीतभरावर थांबत होत्या.

जिन्यात बसून तिने फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"तुला माहीत होतं?"

"आधी कंपनीवाले म्हणाले, नोंदी नुसत्या कामाच्या तपासणीसाठी आहेत. गेल्या महिन्यात कळलं. तू कप्पा रिकामा केलास असं आई म्हणाली... मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"आता?"

"इथेच ठेवतायत. दुसऱ्या बंदरांच्या क्रेनना शिकवायचं. दोन वर्षांचा करार. नाहीतर मोकळा. तू सांग, काय करू?"

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यातलं आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. समोर जिन्याच्या भिंतीवर कामगार खात्याची नोटीस चिकटवली होती. नुसतं कुठेतरी बघायचं म्हणून ती वाचू लागली आणि वाचता वाचता उभी राहिली.

"ऐक. इथे जागा निघाल्यात. युनियनने भांडून घेतल्यात. आपोआप चालणाऱ्या प्रत्येक क्रेनखाली एक माणूस हवा. काही बिघडलं तर लाल बटण दाबायला."

"बटण दाबायला?"

"हो."

"म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहून मी माझ्याच हाताकडे बघत बसू?" तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "लोक काय म्हणतील माहितेय?"

"म्हणू देत. मुकादम तर पहिल्या दिवशीच म्हणतील. तू बघत उभा राहा आणि संध्याकाळी घरी ये. मला तुझा नुसता हात नकोय रे. तीन वर्षं तोच बघतेय."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. तो "आलो" म्हणाला, पण फोन ठेवला नाही.

"पगार निम्माही नसेल," तो म्हणाला.

"नसेल."

"ठमी मला ओळखेल का गं?"

"पहिले दोन दिवस नाही ओळखणार. आजीच्या मागे लपेल. मग डोक्यावर बसेल."

खालून मुकादम तिच्या नावाने ओरडत होते.

"अर्ज कधीपर्यंत द्यायचाय?" त्याने विचारलं.