डाव्या बाजूचा आवाज

दुरुस्तीवालीने टीव्हीच्या मागे खांद्यापर्यंत हात घातला आणि गुंत्यातून एक काळी वायर ओढून काढली.

"ती नव्हे," खुर्चीतून मिस्त्री म्हणाले. "तिच्याखालची बघ. लाल टोकाची."

"दिसली काका. ही नुसती बाजूला सारतेय."

मिस्त्रींनी चाळीस वर्षे ट्रकची इंजिने उघडली होती. दुसऱ्याच्या हातात हत्यार असताना गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. गॅरेज बंद होऊन आता वर्ष होत आले होते. घरात बसून माणूस कंटाळेल म्हणून भेटायला आलेल्या लेकीने परत जाताना टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर बसवून दिला होता. सिनेमे, जुनी गाणी, मॅच, सगळे त्यावर चालायचे. दोन बाजूंना दोन उंच स्पीकर होते, एक स्वयंपाकघराच्या दाराकडे, एक खिडकीकडे. तक्रारीही दोनच होत्या. चित्र मध्येच अडकायचे, आणि दाराकडचा, म्हणजे मिस्त्रींच्या डाव्या हाताचा स्पीकर बंद पडला होता.

"आधी अडकण्याचं बघते," दुरुस्तीवाली म्हणाली. "साधारण कधी अडकतं?"

"त्याला काही धरबंध नाही. ऐन रंगात आलं की गोल गोल फिरायला लागतं."

"मी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये काही गरम करायला ठेवलं की अडकतं," डावीकडे स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची बायको म्हणाली.

मिस्त्रींनी मानही वळवली नाही. दुरुस्तीवालीला वाटले, सकाळी काहीतरी बिनसलेले दिसतेय. अशी घरे तिला नवी नव्हती. वायर तपासायची, नवरा-बायकोच्या मध्ये पडायचे नाही, असे तिने धंद्याच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकले होते.

ती स्वयंपाकघरात गेली. ओव्हन नेमका टीव्हीच्या भिंतीला पाठ लावून होता. तिने कपभर पाणी आत ठेवून बटण दाबले.

"अडकलं!" बाहेरून मिस्त्री ओरडले.

"किती दिवस सांगतेय मी," काकू पुटपुटल्या. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "माझ्याशी बोलत नाहीत ते. गॅरेज बंद करा म्हणून मीच मागे लागले होते ना. कंबर धरून घरी यायचे रोज. तेव्हापासून काही विचारलं तरी नुसते टीव्हीकडे बघत बसतात."

दुरुस्तीवालीने ओव्हनचे दार उघडून कप बाहेर काढला. तिने तो ओट्यावर नीट मध्यभागी ठेवला.

वायफायचे काम दहा मिनिटांत झाले. ओव्हनच्या आणि वायफायच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या असतात, त्यामुळे एक सुरू झाला की दुसऱ्याचा गोंधळ उडतो, हे तिने मिस्त्रींना समजावले आणि कॉम्प्युटर दुसऱ्या पट्ट्यावर टाकून दिला. पुन्हा ओव्हन लावून पाहिला. चित्र हलले नाही. मिस्त्री खूश झाले.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "आता त्या मुक्याला बोलतं कर."

तिने तपासणीचा बारीक आवाज लावला. आधी खिडकीकडे टुणटुण वाजले, मग दाराकडे.

"बघ. खिडकीकडचा वाजला, दाराकडचा नाही."

"मला दोन्ही ऐकू आले, काका."

"मग तुझे कान तपासून घे," मिस्त्री हसले. "अगं, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, कुठला वॉल्व्ह बसलाय ते."

"अहो, चहा टाकू का?" काकूंनी दारातून विचारले.

मिस्त्री दाराकडच्या स्पीकरकडे डोळे बारीक करून बघत राहिले. दुरुस्तीवालीने एकदा काकूंकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिने हळूच पिशवीत ठेवून दिला. उघडण्यासारखे आता तिथे काही नव्हते. तरी ती निघाली नाही.

"काका, तुम्हीच सांगा. आता काय करायचं?"

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. "वायरी उलट्या लाव. याची त्याला, त्याची याला."

तिने लावल्या. मिस्त्रींच्या मते दाराकडचा बंदच.

"मग वायरीचा दोष नाही. स्पीकरच गेला."

"स्पीकर अदलाबदल करून बघू?"

"बघायलाच पाहिजे. त्याशिवाय निदान कसलं?"

दोघांनी मिळून ते दोन्ही स्पीकर उचलले आणि जागा बदलल्या. मिस्त्री पुन्हा खुर्चीत बसले. मघाचा मुका स्पीकर आता खिडकीकडून खणखणीत वाजला. दाराकडे गेलेला चांगला स्पीकर मुका झाला.

"च्यायला," मिस्त्री म्हणाले. "जागा बिघडते का कधी?"

ती हसली नाही. "एकच गोष्ट बदलून बघायची राहिली आहे, काका. खुर्ची फिरवा. टीव्हीकडे पाठ करून बसा."

त्यांनी भुवया उंचावल्या, पण खुर्ची फिरवली. तिने आवाज लावला.

"आता खिडकीकडचा बंद पडला," मिस्त्री ताबडतोब म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचे वाक्य ऐकले असावे. थोड्या वेळाने त्यांनी उजव्या कानात बोट घातले आणि दुसऱ्या हाताने तिला खूण केली. तिने पुन्हा लावला. टुणटुण, टुणटुण.

"वाजतोय?" त्यांनी विचारले.

तिने समोर येऊन होकारार्थी मान हलवली. त्यांनी बोट काढले, शर्टाला पुसले आणि खुर्ची पुन्हा टीव्हीकडे फिरवली.

"डावा कान लावायचो मी इंजिनाला," ते म्हणाले. "नेहमी डावाच."

"नुसता मळही असेल, काका. कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

"मळ असला तरी तो एका दिवसात साचत नाही." ते स्पीकरकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. काकू तिथेच चौकटीला धरून उभ्या होत्या. "मला वाटलं, हिचं बोलणंच आटलं. गॅरेज गेलं, आता माझ्याशी बोलण्यासारखं काय उरलंय, असं झालं असेल तिला."

काकूंनी पदराने तोंड पुसले, खोली ओलांडली आणि मिस्त्रींच्या उजव्या अंगाला येऊन स्टुलावर बसल्या. दुरुस्तीवाली खाली वाकून वायरी गुंडाळू लागली. गुंडाळून झालेली वायर तिने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"मध्ये काही विचारलं होतंस का तू?" मिस्त्री म्हणाले.

"मध्ये म्हणजे? रोजच विचारते."

"म्हणजे, महत्त्वाचं असं."

"परवा तुमची बहीण यायची आहे. आठ दिवस राहणार आहे. तीनदा सांगितलं."

"अरे देवा."

"आणि उन्हाळ्यात एकदा विचारलं होतं." काकू हातातल्या बांगड्यांशी चाळा करत होत्या. "गॅरेज बंद करायला लावलं म्हणून रागावलात का माझ्यावर."

मिस्त्रींनी खुर्ची स्टुलाकडे ओढली. भिंतीपलीकडे ओव्हनने आत राहिलेल्या कपाची आठवण करून देणारी शिटी दिली. ती त्या दोघांपैकी कुणीही ऐकली नाही.

"होतो," ते म्हणाले. "आठ-पंधरा दिवस होतो. पण तू विचारलं असतंस ना, तर नाहीच म्हणालो असतो."

"विचारलं होतं म्हणतेय ना!"

"हो गं. कळलं. नाही रागावलो."

दुरुस्तीवालीने पिशवीची चेन शक्य तितकी हळू लावली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतले. दोन जिने उतरल्यावर तिच्या लक्षात आले की कामाच्या कागदावर मिस्त्रींची सही घ्यायची राहिली आहे. ती कठड्याला टेकून क्षणभर उभी राहिली. वरून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. तिने कागद घडी करून खिशात टाकला आणि उरलेला जिना उतरली.