निळ्यापाशी थांबायचं होतं

मित्रांनो, मी एक दोन दारांचं जुनं लाकडी कपाट आहे. माझं बोलणं तुम्हाला जरा कोरडं वाटेल. अंगावर इतके रंग चढले, की कुणी दार आपटलं तरी मला फारसं जाणवेनासं झालं.

माझा मालक रंगारी होता. लग्न झाल्यावर त्याने मला सुताराकडून बनवून घेतलं आणि बायकोला आवडतो म्हणून स्वतः कालवून निळा रंग दिला. शेजारपाजारचे मला बघायला आले. मीही भाव खाल्ला. पुढे मात्र गिऱ्हाइकांकडे डब्यात उरेल तो रंग माझ्या नशिबी आला. दवाखान्याचा हिरवा, शाळेचा पिवळा, कुणाच्या तरी जिन्याचा तपकिरी. "वाया कशाला घालवायचा?" म्हणत तो ब्रश उचलायचा. बायको कपाळाला हात लावायची.

मग तो वारला. त्याचे शर्ट माझ्यात तसेच टांगलेले राहिले. मला काही वाटलं नाही. त्याच्या बायकोलाही रडू आलं नाही. एक दिवस ती लेकीला एवढंच म्हणाली, "वरचे रंग काढ गं. निळा लागला की थांब. तेवढाच त्यांनी माझ्यासाठी दिला होता."

बाजारातल्या रंग काढायच्या औषधाचा वास आईला सोसत नसे. म्हणून लेकीने खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले आणि गरम व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी माझ्यावर ठेवली. तपकिरी मऊ पडला. मग धुण्याचा सोडा आणि पीठ कालवून तिने लेप लावला, तो ओला राहावा म्हणून वर प्लास्टिक घातलं आणि नंतर जुन्या उलथन्याने अलगद खरवडलं. पिवळा सुटला, हिरवा सुटला. निळा दिसला.

तेव्हाच आईला हाक मारायला हवी होती. पण निळ्यावर हिरव्याचे ठिपके उरले होते, आणि लेक बापासारखीच, अर्धवट काम कुणाला दाखवायची नाही. "एकदम स्वच्छ करूनच दाखवते," असं पुटपुटत तिने आणखी एक लेप लावला आणि स्वयंपाकाला लागली.

प्लास्टिक काढलं तेव्हा ठिपक्यांबरोबर निळाही निघून आला.

"निळा कुठाय गं?" आईने विचारलं.

खरवडलेल्या रंगाचा लगदा टाकलेल्या बादलीकडे लेकीने बोट दाखवलं. "आई, मी फक्त ठिपके काढत होते."

आई तिला रागावली नाही. तिने माझ्या उघड्या लाकडावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी मला कुणाचा तरी हात कळला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ करा. पण खरवडायला घ्याल तेव्हा ज्याची वस्तू आहे त्याला शेजारी बसवा. ते ठिपके आईला चालले असते.