तुसाची राख आणि यशवंतअण्णांची ताडपत्री

मी राख बोलतेय. चेहरा पाडू नका, मी चितेची नव्हे. अळणावर गावच्या गिरणीतल्या भाताच्या तुसाची. आज मात्र माझा मुक्काम हुबळीत, दुर्गदबैल बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. तिथे मी रस्ता आहे, रस्ता.

भात कांडलं की तूस उरतं. ते गिरणीच्या भट्टीत जळायचं आणि मागच्या दारानं मी बाहेर, ढीगच्या ढीग. गिरणीशेजारची मथुराक्का मूठभर न्यायची, पितळी तांब्या लख्ख घासायची आणि म्हणायची, "गुणाची आहेस गं." बाकी कुणी ढुंकून बघत नसे. वारा सुटला की लोकांच्या वाळत घातलेल्या धोतरांवर जाऊन बसायचं आणि शिव्या खायच्या, हाच माझा धंदा.

इकडे हुबळीत यशवंतअण्णा चुन्याचे व्यापारी. घराणं मिरजेकडचं, जीभ गोड. पण गोदामापुढची काळी माती मोठी खादाड. पाणी पिऊन फुगायची, उन्हात भेगाळायची, टाकलेली खडी गिळायची. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात नागोजी हमालाची हातगाडी तिथे रुतून उलटली आणि त्याचा पाय खाली सापडला. बरा होऊन आला तो उभ्या उभ्याच म्हणाला, "अण्णा, पुढल्या पावसात एकबी हमाल ह्या गल्लीत येणार न्हाई. ठरलंय आमचं."

हमाल नाहीत म्हणजे गोदामाला कुलूप. अण्णांची गोड जीभ इथे चालेना. तेव्हा शेजारची रूपा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी, म्हणाली, "काका, मातीत तुसाची राख आणि तुमचाच चुना कालवा. माती फुगायची थांबेल."

अण्णा आधी हसले. मग त्यांना आठवलं, चुना घरचाच आहे आणि राख कुणी विकत नाही. उन्हाळ्यात अळणावरला लॉरी आली. मला न्यायला, खास लॉरी. सगळ्या वाटेत मी हौद्यातून डोकं काढून बघत होते.

माती उकरली, मी पडले, चुना पडला, रूळ फिरला. आणि अण्णांनी वरून ताडपत्री ओढली. पाणी मारायला घागर घेऊन आलेल्या मजूर वेणूबाईला परत पाठवलं.

संध्याकाळी रूपा आली. "काका, पाणी?"

"पाणी कसलं? जन्मभर चुना भिजू दिला नाही म्हणून दुकान उभं आहे."

"विकायचा चुना कोरडा ठेवा की. ह्याला राखेशी संसार करायचाय. कोरड्यानं कसा होणार?"

भिंतीला टेकलेला नागोजी म्हणाला, "काय ओ अण्णा, लग्न लावून देताय आन् घोटभर पाणीबी देईनासा?"

अण्णांना हसू फुटलं. ताडपत्री निघाली. पुन्हा उकरलं, पाणी घालून कालवलं, रूळ फिरवला, पुढे रोज शिंपडलं. चुन्यावर पाणी पडताना बघवेना, म्हणून अण्णा पाठ करून उभे राहायचे. आणि मी? आतून ऊब आली, चुन्यानं मला धरलं, आम्ही दोघांनी मातीला धरलं. आयुष्यभर वाऱ्यावर उडालेली मी पहिल्यांदा कुठेतरी ठाम बसले. वर खडी-डांबराचा शालू चढला.

मग आषाढ कोसळला. हमाल कोपऱ्यावर पोती पांघरून उभे. नागोजी एकटाच भरलेली गाडी घेऊन आला, दुखऱ्या पायानं मला दोनदा दाबून बघितलं आणि गाडी लोटली. माझा जीव मुठीत. चाक माझ्यावरून सरळ गोदामात गेलं. बाहेर येऊन त्यानं कोपऱ्याकडे हात केला, "या रे सगळे. घट्ट हाय."

त्याला आता नऊ पावसाळे झाले. खाली मी जागच्या जागी आहे.

तुमच्या गावात गिरणीमागे माझ्या बहिणी पडून असतील. नाक मुरडू नका, त्यांना रस्त्यावर आणा. फक्त ताडपत्री ओढण्याआधी पाणी विचारा. आम्हाला तहान फार लागते.